भेट आलेलं अनोळखी फळ ओळखायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या टोपलीतलं केसाळ लाल फळ, गावाहून आलेल्या पिशवीतली चिकूसारखी पण चिकू नसलेली फळं, ओटीत पडलेलं काहीतरी गोल आणि कडक. मुंबईत बसून येणारे प्रश्न बहुतेक असेच असतात. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे क्रमांक दिला आहे. फळ आधीच खाऊन झालं असेल आणि त्रास होत असेल, तर बाकी सगळं सोडून प्रश्न १४ वाचा.

१. फळ हातात आहे, नाव माहीत नाही. आधी काय करू?

देणाऱ्याला फोन करा. निम्मी कोडी तिथेच सुटतात, पण लोक संकोचतात. चार गोष्टी विचारा: विकत घेतलं की झाडावरून काढलं, कुठल्या गावचं, तिथे त्याला काय म्हणतात, आणि ते कसं खातात. 'खातात का?' असं विचारू नका. त्यावर 'हो, खातात ना' असं उत्तर सवयीने येतं. 'कसं खातात?' असं विचारलं की ज्याने खाल्लंय तो लगेच सांगतो, 'साल काढून मीठ लावायचं' किंवा 'आधी चार दिवस पिकू दे'. जो अडखळतो त्याने ते खाल्लेलं नसतं.

तोवर फळ धुऊ नका. सालीवरची लव आणि पांढरट भुकटी ही ओळखीची खूण असते, ती नळाखाली जाते. देठ उपटू नका, सोबत आलेली डहाळी आणि पानं टाकू नका. चार फोटो काढा: देठाकडून, उलट्या टोकाकडून, बाजूने, आणि पानांसकट. बाजूच्या फोटोत दहा रुपयांचं नाणं ठेवा. ते २७ मिलिमीटरचं असतं, त्यामुळे फळ बोराएवढं आहे की पेरूएवढं हे पाहणाऱ्याला कळतं.

२. रंग आणि आकार सांगितला तर नाव सांगता येईल का?

क्वचितच. 'हिरवं, गोल, लिंबाएवढं' या वर्णनात पन्नास फळं बसतात. रंग पिकताना बदलतो आणि आकार जातीगणिक. देठ, टोक आणि बी मात्र फारशी बदलत नाहीत.

देठाशी टोपी आहे का पाहा. चार जाड पाकळ्यांची टोपी देठाला चिकटून असेल तर मँगोस्टीन (प्रश्न ६), पर्सिमॉन (प्रश्न ७) किंवा त्यांचे नातलग. आपलं टेंभुर्णीचं फळ पर्सिमॉनचं सख्खं भावंड आहे आणि रातांबा मँगोस्टीनचं. मग फळ उलटं करा. टोकाला डाळिंबासारखा मुकुट किंवा पेरूसारखी वाळकी चकती असेल तर पेरू, जांभूळ, जाम या कुळाकडे बघा. (डाळिंब स्वतः त्या कुळातलं नाही, पण मुकुटाची कल्पना त्याच्यावरून येते.)

साल नखाने हलकेच खरवडा. लिंबा-संत्र्याच्या कुळात सालीत तेलाचे बारीक ठिपके असतात आणि नख लागताच वास उडतो. साल संत्र्यासारखी दिसते पण वास नाही, तर ते संत्र्याच्या कुळातलं नाही. हे प्रश्न ११ साठी लक्षात ठेवा. खवले, काटे, केस, शिरा यांचीही नोंद करा: काटा टोचतो की नुसता दिसतो, केस मऊ की राठ.

चीक येतो का, तेही पाहा. देठ मोडल्यावर पांढरा दुधासारखा चीक चिकू, फणस, अंजीर यांनाही येतो आणि कण्हेरीलाही. म्हणून चीक म्हणजे विष असं नाही. पण ओळख न पटलेल्या रानफळाला दुधाळ चीक असेल तर पुढे जाऊ नका.

३. कापून बघितलं तर चालेल? कसं कापायचं?

एकापेक्षा जास्त फळं असतील तर एक कापा. एकच असेल तर आधी प्रश्न १ मधले फोटो काढा. चाकूला आणि बोटांना खोबरेल तेल लावा, चिकाच्या फळांना ते लागतंच. फळ आडवं कापा, उभं नाही. आडव्या छेदात कप्पे दिसतात आणि कप्प्यांची संख्या ही मोठी खूण आहे.

मग बी. चकचकीत काळी-तपकिरी, एका कडेला पांढुरका खरखरीत पट्टा असलेली बी चिकूच्या कुळाची, खिरणीचीही तशीच. गुळगुळीत काळी बी, प्रत्येक गऱ्यात एकेक, हे सीताफळाचं कुळ. तिळासारख्या बिया गरभर विखुरलेल्या असतील तर किवी किंवा ड्रॅगन फ्रूट. एकच मोठी कोय आणि तिला धागे, तर आंबा-आंबाड्याकडचं काही. चपट्या बिया ओळीने लागल्या असतील तर काकडी-भोपळ्याचा वेल.

कापल्यावर वास घ्या. बोट चाटू नका. सुरी आणि पाट साबणाने धुऊनच परत वापरा.

४. मोबाइलमधल्या ॲपने नाव सांगितलं. ते धरून चालू का?

सुरुवात म्हणून धरा, निकाल म्हणून नाही. गूगल लेन्स मुख्यतः दिसण्यावरून जुळवतं. तपकिरी, गोल आणि किंचित खरखरीत म्हटलं की चिकू, किवी, लाँगन आणि रानातलं अळू ही चारही नावं येऊ शकतात. प्लांटनेट आणि आयनॅचरलिस्ट झाडासाठी बरे, कारण तिथे पान आणि फूलही देता येतं. नुसत्या फळापेक्षा पानाचा फोटो दिला तर उत्तर सुधारतं.

ॲपने दिलेल्या नावाचं फळ आतून कसं दिसतं ते शोधा आणि कापलेल्या फळाशी ताडून बघा. बाहेरून जुळलं, आतून नाही, तर नाव चुकीचं. विषारी आणि खाण्याजोगं या दोन्ही नावांची शक्यता ॲप दाखवत असेल तर विषारी आहे असं समजून वागा.

५. फळावरच्या स्टिकरवर चार आकडे आहेत. त्यावरून कळेल?

कळू शकतं. हे आकडे जगभर दुकानांच्या सोयीसाठी ठरवलेले आहेत: ४०११ म्हणजे पिवळं केळं, ४०३० म्हणजे किवी, ४२२५ म्हणजे मोठा हास अवोकॅडो. पाच आकडे असून पहिला ९ असेल तर तेच फळ सेंद्रिय म्हणून विकलेलं. आकडा शोधयंत्रात 'पीएलयू' या अक्षरांसोबत टाका, नाव येतं. देशी फळांवर मात्र बहुधा नुसता कंपनीचा छाप असतो, त्यातून काही कळत नाही. टोपलीत फळं हलली की एकाचा स्टिकर दुसऱ्याला चिकटतो, हेही ध्यानात असू द्या.

६. दिवाळीच्या टोपलीत आलेल्या परदेशी फळांपैकी कुठलं कुठलं?

हा सर्वात जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

गुलाबी, मोठ्या हिरव्या खवल्यांचं ते ड्रॅगन फ्रूट. हे निवडुंगाचं फळ आहे. गुजरात सरकारने जानेवारी २०२१ मध्ये त्याचं नाव 'कमलम' ठेवलं, त्यामुळे काही खोक्यांवर तेच नाव दिसतं. आता सांगली-सोलापूरकडच्या कोरड्या भागातूनही येतं, म्हणजे 'परदेशी' राहिलेलं नाही. उभं चिरून चमच्याने गर काढायचा. लाल गराचं खाल्लं तर दुसऱ्या दिवशी लघवी गुलाबी दिसते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, बिटाचा होतो तसाच प्रकार.

लाल, मऊ केसांचं ते रामबुतान. सालीला मधोमध नखाने चीर द्या आणि पिळा, पांढरा गोळा बाहेर येतो. आतली बी खायची नाही. केसांची टोकं हिरवी असतील तर फळ ताजं, सगळे केस काळे पडून वाळले असतील तर शिळं. त्याच कुळात लिची (खरखरीत, लालसर) आणि लाँगन (गुळगुळीत, पिवळट तपकिरी, आत काळीभोर बी). या तिघांचं आणखी एक नातलग तुमच्या न्हाणीघरात सापडेल: रिठा.

गर्द जांभळं, लाकडासारख्या जाड सालीचं, देठाला चार पाकळ्यांची टोपी, ते मँगोस्टीन. ते उलटं धरून टोकाकडची छोटी फुलासारखी नक्षी बघा. तिच्या पाकळ्या मोजा. जितक्या पाकळ्या तितक्याच आत पांढऱ्या फोडी. सहा पाकळ्या मोजल्या आणि आत सहा फोडी निघाल्या की ओळख पक्की. फोडी जास्त म्हणजे फोड छोटी आणि बहुतेक बिनबियांची, म्हणून जाणकार जास्त पाकळ्यांचं फळ उचलतात. साल दोन्ही तळव्यांत दाबून फोडायची. तिचा जांभळा रस कपड्यावरून जात नाही. फोडीवर पिवळा चीक जमलेला असेल तर ती कडू लागते, तेवढी काढून टाका. साल दगडासारखी घट्ट होऊन दबतच नसेल तर फळ बाद झालंय.

जांभळं, अंड्याएवढं, हातात हलकं आणि सुरकुतलेलं ते पॅशन फ्रूट. सुरकुत्या बघून लोक ते फेकतात. खरं तर सुरकुतलं म्हणजे पिकलं. कुंपणावरच्या कृष्णकमळाच्या वेलाचं हे भावंड. कापून पिवळा रस बियांसकट खातात. हिरवं कच्चं फळ मात्र खायचं नाही.

अवोकॅडोबद्दल एकच सांगणं: काळं पडलं म्हणजे सडलं असं नाही. हास जातीचं पिकताना काळं पडतं, पण दक्षिणेतून 'बटर फ्रूट' म्हणून येणारं पिकलं तरी हिरवंच राहतं. रंग न बघता देठापाशी अंगठ्याने हलकेच दाबा.

बँकॉकहून कुणी आलं असेल आणि बॅग उघडताच गॅस गळतोय की काय असं वाटलं, तर ते ड्युरियन. फणसाचे काटे बोथट आणि बारीक, याचे जाड आणि खरोखर टोचणारे. सिंगापूरच्या मेट्रोत ते न्यायला बंदी आहे. आपल्या सोसायटीच्या लिफ्टमध्येही नेऊ नये असं आमचं मत.

७. टोमॅटोसारखं केशरी फळ चावलं आणि तोंड आवळून गेलं. फळ खराब होतं का?

खराब नव्हतं, कच्चं होतं. ते पर्सिमॉन, हिमाचलात 'जपानी फळ'. साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बाजारात दिसतं. याच्या दोन तऱ्हा आहेत. बुटकं, चपटं, टोमॅटोच्या घाटाचं असतं ते कडक असतानाही सफरचंदासारखं कापून खाता येतं. लांबट, खाली निमुळतं असतं त्यात टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारा घटक, भरपूर. ते पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं लिबलिबीत होईपर्यंत थांबायचं. थांबलं नाही की तोंडाला कोरड्या खडूचा लेप बसल्यासारखं होतं. कच्चं शिजवून तुरटपणा जाईल असं समजू नका.

हे फळ उपाशी पोटी आणि एका वेळी चार-पाच खाऊ नये. टॅनिनमुळे पोटात गरासकट गोळा बनू शकतो आणि पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांना हा धोका जास्त. पिकवण्याची रीत प्रश्न १० मध्ये.

८. कोकणातून किंवा पालघरकडून आलेल्या पिशवीत ओळखीचं काहीच नाही. काय काय असू शकतं?

उन्हाळ्याच्या शेवटी आलेली लाल-जांभळी, पातळ सालीची, लिंबाएवढी फळं म्हणजे रातांबे. आत पांढऱ्या गरात पाच ते आठ बिया. सालीचं आमसूल होतं. मँगोस्टीनशी गल्लत झाली तर साल बघा: याची पातळ आणि आंबट, त्याची जाड आणि न खाण्याजोगी.

चिकूसारखं पण टोकाला चपटी गोल चकती असलेलं ते अळू. आत चार-पाच कठीण बिया, चव गोडसर. त्याच मोसमातली पांढरी बारीक फळं तोरणं. पावसाळ्यानंतरची छोट्या कैरीसारखी, आत काटेरी-रेषाळ कोय असलेली हिरवी फळं आंबाडे, ती रायत्यात जातात.

पाच कडांचं पिवळट फळ, आडवं कापलं की चांदणी दिसते, ते करंबळ, म्हणजेच स्टारफ्रूट. खाण्याआधी प्रश्न १३ बघा. स्वतःच्याच कागदासारख्या पातळ वेष्टनात बंद असलेलं पिवळं मणीदार फळ म्हणजे रसभरी. पिवळी झालेलीच खायची, हिरवी नाही.

बेल आणि कवठ यांत गोंधळ होतो. बेल पिवळट हिरवा आणि गुळगुळीत, कवठ पांढुरकं राखाडी आणि खरबरीत. कवठ पिकलंय का ते बघायला वीतभर उंचीवरून फरशीवर सोडा: कच्चं उसळतं, पिकलेलं नुसतं धप्प पडतं. आणि हातभर देठाला लोंबणारं, मखमली लव असलेलं, नारळासारखं कडक फळ वसईच्या किल्ल्याकडून कुणी आणलं असेल, तर ती गोरखचिंच. आत पांढरा भुसभुशीत आंबट गर, तो पाण्यात कालवून सरबत करतात.

९. नाव कळलं, पण दोन ठिकाणी दोन वेगळी फळं दाखवतात. खरं कुठलं?

दोन्ही खरी असू शकतात. मुंबईत 'जाम' म्हणजे घंटेच्या आकाराचं पांढरं किंवा गुलाबी, पाणीदार फळ. विदर्भात 'जाम' मागितलं तर पेरू मिळेल. 'करमळ' कुणी स्टारफ्रूटला म्हणतं, तर कुणी मोठ्या पांढऱ्या फुलांच्या झाडाच्या कोबीसारख्या पापुद्र्यांच्या फळाला. अळू पानांचंही आणि फळांचंही. केकवरची लाल 'चेरी' तर बहुतेक वेळा पाकवलेलं करवंदच असतं.

सीताफळाच्या भावकीचा घोळ सर्वात मोठा. डोळे डोळे असलेलं सीताफळ सगळ्यांना माहीत. साल जवळजवळ सपाट, लालसर-पिवळी, गर रवाळ, ते रामफळ. हनुमानफळ हे नाव बाजारात मोठ्या, कमी बियांच्या संकरित जातीलाही लावतात आणि लांबट, हिरव्या, मऊ काट्यांच्या फळालाही. त्या काटेवाल्याचं दुसरं नाव लक्ष्मणफळ, त्याचा गर आंबटगोड आणि रेषाळ. हे फळ 'कर्करोग बरा करतं' म्हणून फॉरवर्ड येतात, पण माणसांवरच्या उपचारात तसं सिद्ध झालेलं नाही. रोज रस पिणं तर टाळावंच, कारण त्यातला ॲनोनासिन हा घटक चेतापेशींना घातक आहे. या सगळ्या कुळाच्या बिया चावायच्या नाहीत. सीताफळाच्या बियांची पूड उवांसाठी डोक्याला लावताना डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते.

म्हणून नाव सांगताना गाव किंवा जिल्हाही सांगा. शक्य असेल तर शास्त्रीय नावावरून खात्री करा.

१०. फळ कडक आहे. पिकेल का, आणि घरी कसं पिकवायचं?

आधी ते तोडल्यावर पिकणारं आहे का ते बघा. आंबा, केळं, चिकू, सीताफळ, रामफळ, पर्सिमॉन, अवोकॅडो, किवी, पेरू तोडल्यावर पिकतात. ड्रॅगन फ्रूट, लिची, रामबुतान, लाँगन, जाम, डाळिंब आणि लिंबाचं सगळं कुळ तोडलं तेव्हा जसं होतं तसंच राहतं. ती ठेवून सुकतील, गोड होणार नाहीत.

पिकणाऱ्यांसाठी मुंबईच्या फ्लॅटमधली आढी अशी: कागदी पिशवीत किंवा दोन पदरी वर्तमानपत्रात फळं, सोबत एक पिकलेलं केळं, तोंड दुमडून ओट्याच्या सावलीतल्या कोपऱ्यात. केळ्यातून निघणारा इथिलीन वायू काम करतो. दोन दिवसांनी उघडून बघा, घाम सुटला असेल तर कागद बदला. प्लास्टिकची पिशवी वापरू नका. पावसाळ्यातल्या दमट हवेत तिच्यात पिकण्याआधी बुरशी येते. पूर्ण कच्चं फळ फ्रीजमध्ये टाकलं की पाड थांबतो आणि पुष्कळदा नंतरही नीट पिकत नाही. कॅल्शियम कार्बाइडची पुडी कुणी दिली तर घेऊ नका, फळ पिकवायला तिच्यावर देशात बंदी आहे.

११. कुठली विषारी फळं खाण्याच्या फळांसारखी दिसतात?

मुंबई-कोकण पट्ट्यात ही नक्की माहीत हवीत.

काजरा. छोट्या संत्र्यासारखं गोल, केशरी, गुळगुळीत. साल कडक, तेलाचा वास नाही. आत पांढरट बुळबुळीत गर आणि त्यात शर्टाच्या बटणासारख्या चपट्या, राखाडी, रेशमी लव असलेल्या बिया. त्या बियांत स्ट्रिक्नीन हे जालीम विष असतं. पान समोरासमोर आणि बुडापासून तीन ते पाच ठळक शिरा असलेलं.

सुकणू. खाडीकाठचं झाड. फळ हिरव्या कैरीसारखं, पण देठ मोडताच भरपूर पांढरा चीक येतो आणि कैरीचा वास नाही. आत कोयीऐवजी नारळाच्या सोडणासारखा जाड काथ्या. बी हृदयाचे ठोके बिघडवते.

पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी. सोसायटीच्या बागेत सर्रास. फळ हिरवं, कोनदार, नंतर काळं. परिणाम सुकणूसारखाच, आणि लक्षणं काही तासांनीही सुरू होऊ शकतात.

मोगली एरंड. आत तीन काळ्या बिया, चवीला शेंगदाण्यासारख्या. म्हणूनच मुलं मूठभर खातात आणि मग उलट्या-जुलाब होतात.

१२. थोडीशी चाखून बघितली तर? पक्षी खातात ते तर चालत असेल ना?

नाही, दोन्हीही नाही. काजऱ्याचा गर धनेश पक्षी खातो आणि बी तशीच बाहेर टाकतो. पक्ष्याला चाललं यावरून माणसाला चालेल असं ठरत नाही. चाखण्याचं म्हणाल तर मोगली एरंडाची चव चांगलीच लागते, तोच त्याचा घात. चव ही ओळख पटल्यावरची गोष्ट आहे, ओळख पटवण्याची नाही.

काकडी-भोपळ्याच्या कुळातलं काहीही कडू लागलं तर लगेच थुंका. कडू दुधीचा रसही याच कारणाने माणसाला दवाखान्यात पोचवतो. पक्ष्याने किंवा वटवाघळाने टोचलेलं, कुरतडलेलं फळ टाकून द्या. कापून उरलेला भाग वाचवू नका. वटवाघळांमुळे निपाह विषाणूचा धोका असतो, केरळात २०१८ पासून तो अनेकदा आढळला आहे.

याला जोडून गणपतीत येणारा प्रश्न: माटोळीतली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या सजावटीतली, फळं उतरवून खायची का? नारळ, पपनस, आंबाडे खायचेच असतात. पण तिथे टांगलेलं केशरी-लाल चेंडूसारखं कवंडळ फक्त शोभेचं. आत काळपट हिरवा कडू गर निघतो. विसर्जनानंतर ते मुलांच्या हाती खेळायला देऊ नका.

१३. ओळख पटली, फळ खाण्याचंच आहे. तरी घरात कुणी टाळावं?

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी करंबळ अजिबात खाऊ नये, रसही नाही. त्यातला कॅरॅम्बॉक्सिन हा घटक अशा शरीरातून बाहेर पडत नाही. आधी न थांबणारी उचकी, मग गोंधळलेपणा, झटके, असा क्रम दिसतो. डायलिसिसवरच्या माणसाला भेटायला जाताना हे फळ नेऊ नका.

ग्रेपफ्रूट आणि पपनस काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवतात: कोलेस्टेरॉलची अ‍ॅटोरव्हास्टॅटिन-सिम्व्हास्टॅटिन, रक्तदाबाची निफेडिपिन-फेलोडिपिन, अवयव प्रत्यारोपणानंतरची सायक्लोस्पोरिन-टॅक्रोलिमस. गोळी सकाळी आणि फळ संध्याकाळी असं केल्याने प्रश्न सुटत नाही, परिणाम दिवसभर टिकतो. डॉक्टरांना विचारा.

लहान मुलांनी उपाशी पोटी लिची, त्यातही कच्ची, भरपूर खाऊ नये. बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या २०१४ च्या साथीच्या अभ्यासात लिची खाणं आणि रात्रीचं जेवण न होणं यांचा मुलांच्या आजाराशी संबंध दिसला. लिचीतले घटक उपाशी मुलाची रक्तातली साखर धोकादायक पातळीवर उतरवतात. जेवल्यावर चार लिच्या, यात भीती नाही.

रबरी हातमोजे किंवा फुगे यांनी खाज सुटणाऱ्यांना अवोकॅडो, किवी, केळं यांचीही अ‍ॅलर्जी असू शकते. पिंजऱ्यातल्या पोपटाला अवोकॅडो देऊ नका, पक्ष्यांना ते विषारी आहे.

१४. खाल्लंय आणि मळमळ, चक्कर किंवा धडधड होतेय. आता?

१०८ ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. केईएम, नायर, सायन, कूपर यांपैकी जे जवळ असेल ते. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा मोफत क्रमांक १८००-११६-११७.

मुद्दाम उलटी करवू नका. मिठाचं पाणी, दूध, तूप काही पाजू नका. उरलेलं फळ, साल, बिया, पानं पिशवीत घालून सोबत न्या. डॉक्टरांना त्याचाच सर्वात जास्त उपयोग होतो. किती वाजता आणि किती खाल्लं ते लिहून ठेवा. बिट्टी किंवा सुकणूची नुसती शंका असली, तरी बरं वाटतंय म्हणून घरी थांबू नका. ईसीजी काढायलाच हवा.

नुसती ओठांना किंवा हातांना खाज असेल तर वेगळी गोष्ट. फणसाचा चीक आधी तेलाने, मग साबणाने काढा. काजूच्या टरफलाचं तेल किंवा बिब्ब्याचा रस लागला असेल तर लगेच साबणाने धुवा, चोळू नका, आणि फोड आले तर डॉक्टरांना दाखवा.

१५. एवढं करूनही नाव कळेना. मुंबईत कुणाला दाखवू?

विकतचं फळ असेल तर क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई. परदेशी फळांचे गाळेवाले ती रोज हाताळतात. सकाळी गिऱ्हाईक कमी असताना जा आणि फळ सोबत न्या, नुसता फोटो नको. रानफळ असेल तर पालघर-डहाणूकडून स्टेशनबाहेर टोपली घेऊन बसणाऱ्या बायकांना विचारा. ॲपपेक्षा त्यांचा भरवसा जास्त.

झाडाचा नमुना असेल तर धोबी तलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, आहे. आधी संपर्क करूनच जा. नमुना म्हणजे एक हातभर डहाळी, पानांसकट आणि जमलं तर फुलासकट. ती वर्तमानपत्राच्या घडीत पसरून वर जाड पुस्तकं ठेवा आणि कागद रोज बदला. ओला कागद तसाच राहिला की पानं काळी पडतात आणि नमुना निकामी होतो. फळ वेगळ्या कागदी पिशवीत. चिठ्ठीवर गाव, तारीख आणि झाडाची उंची लिहा. भायखळ्याच्या राणीच्या बागेत अनेक झाडांवर नावाच्या पाट्या आहेत, तिथे पान ताडून पाहता येतं.

१६. बी कुंडीत लावू का? झाड आलं की ओळख पटेल.

पटेल, पण वर्षांनी. मँगोस्टीन, रामबुतान, लिची यांच्या बिया वाळल्या की मरतात. गर धुऊन त्याच दिवशी ओल्या मातीत पेरा, साधारण बीच्या जाडीइतक्या खोल. ड्रॅगन फ्रूटच्या बिया चाळणीत धुऊन वर नुसत्या भुरभुरा. प्रश्न ११ मधल्या कुठल्याही फळाची शंका असेल तर लावू नका, खाली सोसायटीच्या आवारात तर नाहीच. ते फळ कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात टाका आणि तिथे मुलांचा हात पोचत नाही ना ते बघा.